तालमीच्या हॉलमधून जाहिरात एजन्सीत : नाशिकच्या रंगकर्मींसाठी एक वाट

कॉलेजच्या एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धा, गणपतीतली पथनाट्यं, भजनी मंडळातला तबला. यांपैकी काहीतरी मनापासून केलेली शेकडो मुलंमुली नाशिकमध्ये आहेत. पदवी हातात आली की घरचे विचारतात, ‘आता हे नाटक-बिटक पुरे, पुढे काय?’ हा लेख त्या मुलांसाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रंगमंचावर काढलेली वर्षं ही जाहिरातीच्या धंद्यात कामाचा अनुभव म्हणून मोजली जाऊ शकतात. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. समोर बसलेला प्रेक्षक एकसारखा नसतो, याचं भान हवं. आणि नाटकात आपण नेमकं काय काम केलं, हे एजन्सीला कळेल अशा रीतीने मांडता यायला हवं.

ही वाट आधी अनेकांनी तुडवलेली आहे. अलेक पदमसी मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवरचे मोठे दिग्दर्शक आणि त्याच वेळी लिंटास या जाहिरात एजन्सीचे प्रमुख. सर्फची ललिताजी त्यांच्या कारकिर्दीतली. ललिताजी हे मुळात नाटकातलं पात्रच आहे : भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी, पैशाची किंमत जाणणारी, ठसक्यात बोलणारी बाई. भरत दाभोळकरांनी अमूलच्या होर्डिंगसाठी लिहिलं आणि रंगमंचावर हिंदी-इंग्रजी मिसळून केलेल्या प्रहसनांना गर्दी खेचली. पियुष पांडे जयपूरच्या मोठ्या कुटुंबात वाढले. लोकसंगीत गाणाऱ्या इला अरुण त्यांच्या भगिनी. १९८२ साली ते ओगिल्वी या एजन्सीत आले आणि भारतीय जाहिरातीला गल्लीतली, ओट्यावरची भाषा दिली. कोल्हापूरचे अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत कविता लिहीत होते आणि पोटासाठी एजन्सीत कलादिग्दर्शन करत होते. या सगळ्यांचा कान एकापेक्षा जास्त माणसांच्या बोलण्यावर तयार झालेला होता. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये मी कानावर जास्त वेळ घालवणार आहे.

पायरी १ : एजन्सीत कोण काय करतं ते समजून घ्या

नाटकवाल्यांना एजन्सी म्हटलं की फक्त कॉपीरायटर आठवतो, नाहीतर जाहिरातीत दिसणारा नट. प्रत्यक्षात खोल्या बऱ्याच आहेत. क्लायंट सर्व्हिसिंगवाले ग्राहक कंपनी आणि आतली टीम यांच्यामध्ये उभे असतात. स्ट्रॅटेजी किंवा प्लॅनिंगवाले लोक काय विचार करतात ते शोधून ब्रीफ, म्हणजे जाहिरात कुणासाठी आणि काय सांगणारी हवी याचं टिपण, लिहितात. कॉपी (मजकूर लिहिणारे) आणि आर्ट (चित्र-मांडणी करणारे) ही जोडी कल्पना काढते. फिल्म विभाग निर्मितीसंस्थेकडून चित्रीकरण करून घेतो. मीडियावाले कुठे, कधी, किती पैशांत दाखवायचं ते ठरवतात. शिवाय इव्हेंट, गावोगावच्या गाड्या, बाजारातले खेळ हे वेगळंच.

आता स्वतःकडे बघा. निर्मितीची सूत्रं सांभाळणारा, म्हणजे टेम्पो, हॉलचं बुकिंग, रुसलेला नट आणि संपलेलं बजेट एकाच दिवशी हाताळणारा मुलगा सर्व्हिसिंग किंवा फिल्म विभागात फार लवकर रुळतो. नेपथ्य आणि वेशभूषा करणाऱ्यांनी आर्टकडे बघावं. संहितेवर तासन्‌तास चर्चा करणाऱ्या, ‘ही बाई असं का वागते?’ हा प्रश्न न सोडणाऱ्या मुलीसाठी प्लॅनिंग आहे, आणि या खोलीकडे आपल्याकडची मुलं वळतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आवाजाचं काम करणाऱ्यांसाठी रेडिओ आणि डबिंग.

पायरी २ : नाटकाची वही काढा

एक वही घ्या आणि केलेल्या प्रत्येक प्रयोगापुढे चार गोष्टी लिहा. अडचण काय होती, मर्यादा कोणती होती, तुम्ही काय ठरवलं, आणि प्रेक्षकात काय बदल दिसला. बक्षिसं शेवटी लिहा, कारण एजन्सीला त्यांच्यात फार रस नसतो.

समजा, एकांकिका वेळेत बसत नव्हती आणि तुम्ही दुसऱ्या प्रवेशातलं एक पानभर स्वगत काढून त्या जागी नुसतं कपाट उघडून बंद करण्याची कृती ठेवली. हे संपादन आहे. तीस सेकंदांच्या जाहिरातीत रोज हेच करावं लागतं. समजा, कालिदास कलामंदिरात हशा आलेल्या जागेवर तालुक्याच्या गावी शांतता पसरली आणि पुढच्या प्रयोगात तुम्ही ती जागा बदललीत. एजन्सीत यासाठी वेगळा विभाग असतो, संशोधनाचे पैसे मोजले जातात. तुम्ही ते उभ्या उभ्या, विंगेतून केलंत. लिहून ठेवा. कोणती ओळ होती, कशी बदलली, नंतर काय झालं.

दिग्दर्शन केलं असेल तर नटाला दिलेल्या सूचना आठवून लिहा. ‘इथे रडू नकोस, इथे भांडी घास’ अशी सूचना देता येणारा माणूस पुढे चित्रीकरणाच्या सेटवर क्लायंटला पटेल असं बोलू शकतो. तांत्रिक बाजूही नोंदवा. किती मिनिटांत सेट लावला, प्रकाश कुणी केला, खर्च किती आला, पैसे कुठून उभे केले.

पायरी ३ : लोककलांचं तंत्र शिका, सजावट उचलू नका

जाहिरातीत लोककला दिसते ती बहुधा फेट्यात आणि ढोलकीत. तिथे थांबू नका. आतली यंत्रणा बघा.

एकनाथांची भारुडं घ्या. विंचू चावलेला माणूस, जोशी, गोंधळी, संसाराला कंटाळलेली सून. नाथ एकेका माणसाच्या तोंडून बोलतात. ऐकणारा आधी त्या सोंगात रमतो आणि मग अर्थ त्याच्या पदरात पडतो. वस्तूबद्दल स्वतः न बोलता पात्राला बोलू देणं ही जाहिरातलेखनातली सगळ्यांत अवघड शिस्त भारुडात पूर्ण वाढलेली आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं. आधी मुद्दा उलगडायचा, मग तो गोष्टीतून भोगायला लावायचा, आणि शेवटी पुन्हा मूळ अभंगावर यायचं. मोठ्या मोहिमेची रचना जमत नसेल तेव्हा मी अजूनही हा क्रम कागदावर मांडतो. तमाशातली बतावणी तुम्हाला प्रश्नोत्तरांची चाल शिकवते. एक जण आडमुठेपणाने चुकीचं समजतो आणि त्याला समजावता समजावता प्रेक्षकाला सगळी माहिती मिळते. विमा, बँक, पाणीपट्टी असे रुक्ष विषय बतावणीत सहज बसतात.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातल्या आदिवासी पाड्यांवर बोहाड्यात देवदेवतांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं निघतात. एकदा पूर्ण रात्र बसून बघा. मुखवट्यात चेहरा बोलत नाही, त्यामुळे पावलं, मान आणि वाद्याची लय यांवर सगळं चालतं. मोबाईलवर लोक जाहिराती आवाज बंद करून बघतात, त्यामुळे हे शिक्षण आज फार उपयोगाचं आहे. पण तो मुखवटा साबणाच्या पाकिटावर छापायचा नाही. त्यामागे श्रद्धा आहे.

सराव असा करा. एकच निरोप घ्या, उदाहरणार्थ ‘पेरणीआधी मातीची तपासणी करून घ्या’. तो भारुडाच्या वळणाने, बतावणीच्या वळणाने आणि फक्त हालचालीतून, असा तीनदा लिहा. तिन्ही एकाच पानात.

पायरी ४ : जिल्ह्यातली माणसं ओळखा

बहुसांस्कृतिक अनुभव म्हटला की परदेशी शिक्षण डोळ्यांसमोर येतं. संधी मिळाली तर जरूर जा. पण नाशिक जिल्ह्यात राहून ज्याला कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा कसमादे पट्टा माहीत नाही, त्याने आधी एसटीचं तिकीट काढावं.

या एका जिल्ह्यात काय काय आहे ते बघा. कसमादेत अहिराणी ऐकू येते. मालेगावात उर्दू फलक, यंत्रमागांचा आवाज, आणि लोकप्रिय हिंदी चित्रपटांच्या स्थानिक आवृत्त्या अगदी थोड्या पैशांत बनवणारी हौशी मंडळी. येवल्यात पैठणीचे विणकर. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आणि त्यामुळे देशभरातून आलेली कुटुंबं. देवळाली कॅम्पात लष्कर, पारशी आणि गुजराती आरोग्यधामं, सिंधी दुकानं. इगतपुरीत १९७६ पासून धम्मगिरी, जिथे जगभरातून विपश्यनेला माणसं येतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार. सुरगाण्यात कोकणा, इगतपुरीकडे ठाकर आणि महादेव कोळी. आणि सिंहस्थात तर आखाड्यांसोबत अर्धा देशच गोदाकाठी येतो.

जायचं, पण बघायचं काय? पोशाख आणि खाणं सगळेच बघतात. तुम्ही पैशाचं आणि निर्णयाचं वेळापत्रक नोंदवा. ओझरच्या कॉलनीत महिन्याच्या सुरुवातीला पगार होतो, खरेदी त्याच आठवड्यात. निफाडच्या द्राक्षबागायतदाराकडे जानेवारी ते एप्रिलमध्ये पैसा येतो, तोही व्यापारी पळून गेला नाही तर. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवणारा लासलगावकडचा शेतकरी भाव बघत पावसाळाभर थोडा थोडा माल काढतो, त्याच्या घरचा मोठा खर्च लिलावावर ठरतो. मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी, आणि रमजानमध्ये बाजार रात्री फुलतो. फ्रिज तोच, कंपनी तीच. पण या चार घरांना तो कधी विकत घ्यावासा वाटेल, कोण ठरवेल, कुणाला विचारून ठरवेल, हे वेगवेगळं आहे. मुंबईत बसून ‘ग्रामीण महाराष्ट्र’ असा एकच डबा करणाऱ्या प्लॅनरपेक्षा तुम्ही इथे खूप पुढे असता.

माणसांशी बोलताना नाटकातलीच एक सवय वापरा. पात्र उभं करताना आपण त्याच्या मताशी सहमत आहोत का ते बघत नाही, त्याला असं का वाटतं ते बघतो. दुकानाच्या ओट्यावर, बाजार समितीत, एसटी स्टँडवर असंच बसा. प्रश्न कमी विचारा. वाक्यं आहेत तशी, त्याच क्रमाने वहीत उतरवा आणि सुधारू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. अहिराणी बोलणारा माणूस म्हणजे विनोद, आदिवासी म्हणजे पार्श्वभूमीला नाच, मुसलमान म्हणजे शेरवानी आणि बिर्याणी, असं लिहू नका. प्रेक्षागृहात हशा मिळतोही. पण ज्याच्यावर हसलं गेलं तो माणूस तो ब्रँड विसरत नाही, आणि पुन्हा घेत नाही. ज्या समाजाबद्दल लिहिता त्यातल्या दोन माणसांना संहिता वाचून दाखवा. एखाद्या ओळीवर ते गप्प झाले तर ती ओळ काढा.

पायरी ५ : कामाचा संग्रह बांधा

कुणी काम दिलं नसताना स्वतः ठरवून केलेल्या जाहिराती पोर्टफोलिओत चालतात, सगळेच तशी सुरुवात करतात. सहा ते आठ कामं पुरे. त्यांत एक रेडिओ स्पॉट, म्हणजे रेडिओवरची छोटी जाहिरात, रेकॉर्ड केलेला, एक वीस सेकंदांची फिल्म मोबाईलवर चित्रित केलेली, एकाच कल्पनेच्या तीन छापील जाहिराती, गावातल्या भिंतीवर रंगवता येईल अशी एक ओळ, एकच वस्तू जिल्ह्यातल्या तीन वेगळ्या घरांना सांगणारी मोहीम, आणि पायरी २ मधल्या वहीतला एक प्रयोग, दीड पानात. नामांकित बूट आणि शीतपेयं टाळा. प्रत्येकाच्या पोर्टफोलिओत तेच असतं. पतसंस्था, रोपवाटिका, सायकलचं दुकान, पैठणीचा छोटा विणकर निवडा. वाइनरी निवडू नका. दारूच्या थेट जाहिरातीला टीव्हीवर बंदी आहे आणि पळवाटा शोधून सुरुवात करू नये.

रेडिओपासून सुरू करा, कारण तुमची सगळी ताकद तिथे दिसते. विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या तेव्हापासून या कामाला रंगमंचावरचे आवाज लागत आले आहेत. तीस सेकंदांत मराठीचे साधारण ६० ते ६५ शब्द मावतात, शांततेला जागा ठेवायची तर त्याहून कमी. पतसंस्थेच्या आवर्ती ठेवीसाठी हा नमुना बघा.

(लिलावाचा गलका.)
पुरुष : अकराशे… अकराशे दहा… अकराशे वीस…
बाई : अहो, उठा. झोपेत काय बडबडताय?
पुरुष : स्वप्नात भाव चढत होता गं.
बाई : कुठवर गेला?
पुरुष : पोरीची फी निघेपर्यंत.
(शांतता.)
निवेदक : भाव कधी चढेल, सांगता येत नाही. शाळा मात्र जूनमध्ये उघडतेच. दर महिन्याला थोडं बाजूला ठेवा. आवर्ती ठेव, आपल्या पतसंस्थेत.

यातली मोलाची जागा ‘फी निघेपर्यंत’नंतरची शांतता आहे. नवखा लेखक तिथे अजून एक वाक्य घालतो. नाटक केलेल्याला थांबणं माहीत असतं. निवेदकाने व्याजाचा दर किंवा कसलंच मोठं आश्वासन दिलेलं नाही, तेही मुद्दाम. असं रेकॉर्डिंग करायला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद, खिडक्या बंद, गोधडी डोक्यावर आणि फोन तोंडापासून थोडा बाजूला धरून बरं काम होतं. लिलावाचा आवाज मात्र लासलगावला किंवा पिंपळगाव बसवंतला जाऊन खराच आणा.

प्रत्येक कामाखाली तीनच ओळी लिहा : कुणाशी बोलतोय, त्याच्या मनात आधी काय आहे, नंतर काय असावं. तंत्रज्ञानाची मदत घेतली असेल तर तसं स्पष्ट लिहा.

कायद्याची तोंडओळख इथेच करून घ्या. भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, १९८५ पासून आहे. तिची संहिता वाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ ची. ‘सर्वोत्तम’, ‘एक नंबर’, ‘खात्रीशीर’ हे शब्द पुराव्याशिवाय लिहू नयेत. एखाद्या शाहिराचा किंवा संबळवाल्याचा आवाज वापरलात तर लेखी परवानगी घ्या आणि मानधन रेकॉर्डिंगच्याच दिवशी द्या.

पायरी ६ : दार ठोठवा, आधी जवळचं

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड भागात छोट्या एजन्सी आहेत. त्यांतल्या बऱ्याच वर्तमानपत्रातली जागा घेऊन देण्यावर वाढल्या. १५ टक्के कमिशन हे या धंद्याचं जुनं गणित. तिथे मोठ्या फिल्म मिळणार नाहीत, पण बिल्डरचं होर्डिंग, सराफाची पाडव्याची जाहिरात, शाळाप्रवेशाची पत्रकं असं रोजचं काम मिळेल आणि मालक समोर बसून ‘पटत नाही’ म्हणेल. हे शिक्षण सहा महिने ते वर्षभर जरूर घ्या. एफएम केंद्रांवर स्पॉट लिहिणारे लागतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांसाठी मजकूर लागतो. २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने स्थानिक माहिती असणाऱ्या, हिंदी नीट बोलणाऱ्या मुलांची इव्हेंटवाल्यांना गरज पडेल.

पुढे मुंबई किंवा पुणे. शिक्षण घ्यायचं असेल तर आर्टसाठी मुंबईचं सर जे. जे., संज्ञापनासाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, प्लॅनिंगकडे ओढा असेल तर अहमदाबादचं मायका. डिग्रीशिवायही कॉपीत प्रवेश मिळतो, तिथे कॉपी टेस्ट घेतात. टेस्टमध्ये विचित्र प्रश्न असतात : आंधळ्याला पिवळा रंग समजावा, छत्री वाळवंटात विका. हुशारी दाखवायला जाऊ नका. एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याशी बोला.

अर्जात नाटक ‘छंद’ या मथळ्याखाली टाकू नका. ‘अनुभव’ या मथळ्याखाली लिहा : ‘एकांकिकेचं दिग्दर्शन, ११ जणांचा संघ, संहिता ७० मिनिटांवरून ४५ वर आणली, शहर आणि तालुका अशा दोन्ही ठिकाणच्या प्रयोगांनुसार शेवट बदलला.’ आकडे अर्थातच तुमचे खरे. भाषा लिहिताना वाचता येते, बोलता येते, विनोद करता येतो, अशी विभागणी करा. शेवटचा प्रकार वाचून मुलाखत घेणारा हमखास पुढचा प्रश्न विचारतो.

मुलाखतीत अभिनय करू नका. आवाज मोकळा, वाक्यं छोटी, दोन मिनिटांत एक काम सांगून थांबा.

मुंबईत मराठी लेखकाच्या हातात पहिल्यांदा बहुतेक तयार हिंदी पटकथाच येते, ‘मराठी करून दे’ म्हणून. काम नाकारू नका, पण सोबत मूळ ब्रीफ मागा आणि दिलेल्या कामाबरोबर स्वतःची एक मराठीतून सुचलेली पटकथा जोडून पाठवा. प्रत्येक वेळी. चारदा नाही म्हणतील. पाचव्यांदा त्यांना गणपतीची मोहीम करायची असेल तेव्हा तुमचं नाव आठवेल.

पायरी ७ : नाटकाच्या काही सवयी दारात ठेवा

रंगमंचावर प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो. जाहिरातीचा प्रेक्षक दुसरंच काहीतरी बघायला आलेला असतो आणि तुम्ही त्याची वाट अडवलेली असते. त्यामुळे संथ उठाव, तिसऱ्या प्रवेशात उलगडणारं रहस्य, लेखकाचा शब्द अंतिम ही समजूत, हे इथे चालत नाही. क्लायंट ओळ बदलेल. ती का बदलली ते विचारा, लिहून घ्या, आणि बदललेली ओळ आधीच्यापेक्षा चांगली करून द्या. टाळी मिळाली पण वस्तूचं नाव कुणाला आठवलं नाही, असं झालं तर काम फसलं. मित्रांना जाहिरात दाखवा, अर्ध्या तासाने नाव विचारा.

तालमीची सवय मात्र घेऊन जा. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी टीमला उभं करून दोनदा पूर्ण तालीम घ्या, कोण कुठे बोलणार, लॅपटॉप बंद पडला तर कोण काय सांगणार, सगळं. फार थोड्या एजन्सी हे करतात.

आणि नाटक सोडू नका. एजन्सीत सगळ्यांत जास्त धावपळ गणपती ते दिवाळी असते, आणि राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सहसा दिवाळीनंतर लागते. त्या काळात काम थोडं ओसरतं. परशुराम साईखेडकरला किंवा कालिदासला प्रयोग असेल तर तालमी शनिवार-रविवारी नाशिकला लावून घेता येतात, पंचवटी एक्सप्रेसने येणंजाणं जमतं. पण प्रयोगासाठी लागणारी रजा ऐन वेळी मागितली तर मिळत नाही. नोकरी स्वीकारतानाच वरिष्ठांना स्पर्धेचं सांगा आणि दिवाळीनंतरची रजा मेलवर नोंदवून ठेवा.